निवळशंख पाण्याला भिणारी बाई

देसले मॅडम दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नसत. हळदीकुंकवाला गेल्या तरी पर्समधून स्वतःची स्टीलची बाटली काढत. काही बायकांना ते सोवळं वाटे, काहींना मिजास. "चहा तरी घ्या मॅडम, उकळलेला आहे," असं कुणी म्हटलं की त्या म्हणत, "उकळल्यानं जंतू मरतात. मी जंतूंना भीत नाही." मग कशाला भिता, हे विचारण्याइतकी सवड हळदीकुंकवात कुणाला नसते.

मी जळगावहून बदलून धुळ्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत आले तेव्हा त्या तिथल्या प्रमुख होत्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, कानाशी केस पिकलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझी फाईल बाजूला सारली आणि विचारलं, "चौधरीबाई, पाण्याची भीती वाटते का?"

मी म्हटलं, "नाही. मी तापीकाठची आहे. लहानपणापासून पोहते."

"मग शिकावी लागेल," त्या म्हणाल्या आणि समोरच्या नमुन्याच्या बाटलीचं बूच काढून वास घेऊ लागल्या. वास घेताना त्या डोळे मिटत नसत. उलट मोठे करत. साप दिसल्यावर माणूस करतो तसे.

मला हे सगळं नाटक वाटलं. आम्ही रसायनवाले. फ्लोराईड, नायट्रेट, क्लोरीन, आकडे काढायचे आणि सही करायची, असं माझं काम वर्षानुवर्षं चाललेलं. मॅडमना या आकड्यांत रस होता, पण त्यांचा जीव अडकला होता दुसरीकडे. त्यांना भीती होती ती निळ्या-हिरव्या शेवाळाची.

तळ्यात दिसतं ते सगळं शेवाळ वाईट नसतं. काठीनं ढवळलं की केसांसारखं काठीला गुंडाळून येतं ते बिचारं साधं. मॅडम सांगत, "काठी बाहेर काढल्यावर हिरव्या रंगात बुडवल्यासारखी दिसली, तर मागं सरायचं." ते हे दुसरं. उन्हाळ्यात किंवा पाऊस लांबला की पाणी कोमट होतं, साचतं, शेताचं खत आणि गावाचं सांडपाणी उतरलेलं असतंच. मग हे वाढतं, वर तरंगतं आणि वारा वाहील त्या काठाला जाऊन सायीसारखं जमतं. त्याच्या काही जाती पोटात विष बाळगतात. विष यकृताला धरतं. नेहमीच्या तपासणीत ते सापडत नाही, कारण नेहमीच्या तपासणीत ते कुणी शोधतच नाही.

एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ते दाखवलं. बारीक गोल दाणे, शेकडो, एका पारदर्शक चिकट पदार्थात एकमेकांना धरून बसलेले. ढगासारखे. मी म्हटलं, "छान दिसतंय की."

"हो ना?" त्या म्हणाल्या. "म्हणूनच मला रात्री झोप येत नाही."

त्या विनोद करत नव्हत्या. त्यांना खरोखर झोप येत नसे. मार्च उजाडला की त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागे आणि चांगला पाऊस पडून तळी भरून वाहू लागेपर्यंत ते जात नसे. जिल्ह्यातला प्रत्येक तलाव त्यांना तोंडपाठ होता. कुठल्या तलावाची विहीर कुठल्या काठाला आहे, तिथं वारा कुठून येतो, कोण गुरं धुतं, कोण कपडे. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून. म्हणजे साय जमणार पूर्वेच्या काठाला. आणि पाणीपुरवठ्याची विहीर पूर्वेला असली की मॅडम त्या गावाचं नाव घेताना आवाज खाली आणत. आजारी माणसाबद्दल बोलताना आणतात तसा.

आमच्या जीपचे ड्रायव्हर रमजानभाई. एकदा चाळीसगावकडे एका तलावावर गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. रमजानभाईंनी काठावर बसून ओंजळ भरली आणि तोंडाकडे नेली. मॅडमनी मागून येऊन त्यांच्या हातावर फटका मारला. ओंजळ उडाली. रमजानभाई त्यांच्याहून वयानं मोठे.

"मॅडम, हात धुत होतो फक्त," रमजानभाई म्हणाले.

"धुऊ नका." मॅडम म्हणाल्या. "घरी तुमची नातवंडं आहेत ना? मग धुऊ नका."

परतताना रमजानभाई मला म्हणाले, "बाई डोक्यानं ठीक आहे ना हो?" मी म्हटलं, "तुमच्या उजवीकडे बघा." तलावाच्या त्या कडेला एक कुत्रं मरून पडलं होतं. त्याच्या तोंडाभोवती हिरवं वाळलेलं होतं. रमजानभाईंनी त्यानंतर जीपमध्ये स्वतःसाठी पाण्याचा वेगळा कॅन ठेवला आणि मीही घरी माठातलं पाणी वास घेऊन पिऊ लागले. नवरा म्हणाला, "बदली धुळ्याला झाली की वेड्यांच्या इस्पितळात?"

कचेरीत मॅडमची थट्टा होई. बैठकीत एक साहेब म्हणाले होते, "मॅडम, शेवाळं कुठं नसतं? आमच्या अंगणातल्या हौदातही आहे." मॅडमनी विचारलं, "कुठल्या रंगाचं?" सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या अंगणात जाऊन हौदाचा नमुना घेऊन आल्या. निघालं साधंच शेवाळ. साहेबांना तसं कळवून त्या जागेवर येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका होती, ती पाहून मला पहिल्यांदा कळलं की ही बाई हरल्यावर खूश होते.

त्यांनी स्वतःच्या खटपटीनं विष ओळखायच्या पट्ट्या मागवल्या होत्या. नमुन्यातल्या पेशी आधी फोडायच्या, म्हणजे आतलं विष पाण्यात येतं, मग पट्टी बुडवून थांबायचं. यात एक गोष्ट अंगावर येणारी आहे. बाकीच्या चाचण्यांत काही असलं की रेघ उमटते. या पट्टीवर विष नसलं तर रेघ उमटते. विष असलं तर ती जागा कोरी राहते. म्हणजे आपण कोऱ्या कागदाकडे बघत बसायचं आणि काहीतरी दिसू दे म्हणून मनात म्हणायचं. मॅडम तेव्हा खुर्चीत बसत नसत. पाठमोऱ्या उभ्या राहत आणि मला विचारत, "उमटली?"

पट्टीवरून फक्त संशय घेता येतो. पक्कं उत्तर मोठ्या प्रयोगशाळेतून यायचं, तेही नमुना बर्फात आणि अंधारात ठेवून पाठवल्यावर, आठवडाभरानं किंवा त्याहून उशिरा. मधले दिवस मॅडमचे.

आता त्या श्रावणाची गोष्ट सांगते. त्या वर्षी पाऊस सुरुवातीला बरसला आणि मग गायब झाला. मॅडमचं माहेर शिंदखेडा तालुक्यात. गावाला पाणी गावच्याच तलावातलं, विहीर पूर्वेच्या काठाला. त्यांचे थोरले भाऊ, आबा, गावच्या पाणीपुरवठ्याचं सगळं बघत. वडील लवकर गेल्यानंतर मॅडमना याच भावानं शिकवलं होतं, धुळ्याला कॉलेजात पाठवलं होतं. त्या आबांबद्दल बोलताना एरवीपेक्षा जास्त बोलत.

तलावाच्या काठाला एका मेंढपाळाच्या शेळ्या मेल्या. गावानं ठरवलं, किराळ लागली. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी खाल्ली की जनावर फुगून मरतं, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "शेळ्या कुठल्या काठाला मेल्या?" आणि आम्ही निघालो.

पूर्वेच्या काठाला हिरव्या ऑइलपेंटचा डबा सांडावा तशी साय होती. ओल्या गोणपाटासारखा वास. मॅडमनी काठी बुडवून काढली आणि माझ्यासमोर धरली. पट्टी कोरी राहिली. आम्ही नमुने पुढे पाठवले. मॅडमनी आबांना सांगितलं, तलावातून उपसा बंद कर, टँकरची व्यवस्था मी करते. आबा ऐकणाऱ्यातले होते. म्हणाले, "कधीलोंग?"

मॅडम घाईत होत्या, दुसऱ्या गावाला जायचं होतं. त्या म्हणाल्या, "पाणी हिरवं आहे तोवर मोटर लावू नको, आबा."

हे एक वाक्य पुढे त्यांनी मला इतक्या वेळा म्हणून दाखवलं की माझंच पाठ झालं.

पुढच्या रविवारी कानबाई होती. आमच्या खानदेशात कानबाईचा सण काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पुण्या-मुंबईचा, सुरतेचा मुलगा रजा काढून घरी येतो. नारळाच्या रूपात कानबाई देवी बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घेऊन दळतात, त्याचे रोट करतात. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, दुसऱ्या कुळाच्या माणसानं नाही. दुसऱ्या दिवशी बाया कानबाई डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर विसर्जनाला जातात.

मॅडमना रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. सहज आला होता. वहिनी म्हणाल्या, आबांनी तलाव साफ केला, पाणी असं झालंय की तळाचे दगड दिसतात, सकाळपासून नळ सोडलाय, आता तरी तुमची काळजी मिटली ना?

मॅडमनी मला घरून उचललं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मोरचूद टाकलं असणार त्यानं."

आणि मला कळलं. लिंबाच्या बागेवर फवारायला मोरचूद आमच्याकडे घरोघरी असतं. मोरचुदानं शेवाळ मरतं, हेही खरं. पण मरताना प्रत्येक पेशी फुटते आणि पोटातलं विष पाण्यात सोडते. साय होती तोवर विष निदान सायीत होतं, काठाला होतं, डोळ्यांना दिसत होतं. आता ते सगळ्या तलावात विरघळलं होतं. तुरटीनं बसणार नाही, उकळून जाणार नाही. आणि पाणी निवळशंख.

मॅडम रस्ताभर एकच म्हणत होत्या, "मी हिरवं म्हटलं. मी हिरवं कशाला म्हटलं?" रमजानभाई एरवी खड्डा चुकवणारे, त्या दिवशी सगळे खड्डे सरळ घेत होते.

गावात दारादारात तोरणं, लाऊडस्पीकरवर कानबाईची गाणी, पोरं नळाखाली अंघोळी करत होती. मॅडमनी खिडकीची काच खाली केली आणि परत वर केली. पारावरून कुणीतरी ओरडलं, "उनी रे, पानीनी डाक्टरीन उनी." पाण्याची डॉक्टरीण आली म्हणून लोक हसले.

आम्ही आधी तलावावर गेलो. पाणी सुंदर होतं. पूर्वेच्या काठाला मासे पांढरे होऊन पडले होते, थोडेच. मी जीपच्या बॉनेटवर पट्टी लावली. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. रेघ उमटली नाही. मी आणखी एक लावली. तीही कोरी. मी म्हटलं, "मॅडम." त्यांनी "उमटली?" विचारलंच नाही.

आबा ओसरीवर होते. नवं धोतर, कपाळाला गुलाल. बहिणीला बघून उठले. मॅडमनी चपलाही काढल्या नाहीत.

"आबा, मोटर बंद कर. तुना पाया पडस, मोटर बंद कर."

"कसाले?" आबांना खरंच कळलं नव्हतं. "तूच सांगं व्हतं ना, हिरवं शे तोवर लावू नको. आते दख. कोठे शे हिरवं? आरसासारखं पानी शे."

मॅडमनी सांगायचा प्रयत्न केला. पेशी, विष, मोरचूद. मी पट्ट्या दाखवल्या. कोऱ्या पट्ट्या दाखवून विष आहे म्हणणं किती अवघड असतं ते त्या दिवशी समजलं. आबांनी पट्टी उलटीपालटी केली आणि म्हणाले, "यानावर तं काहीच नही." मग म्हणाले, "मोठी प्रयोगशाळा काय सांगस?"

"अजून उत्तर आलं नाही," मी म्हटलं.

"मंग ते येऊ द्या बाई. आज कानबाई शे. घर घर पाव्हना शेतस. नळ बंद करू तं गाव माले काय म्हनी?"

ते रागावले नव्हते. बहीण भित्री आहे हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

मॅडम आत गेल्या. मी दारात थांबले. वहिनी परातीत रोटाची कणीक मळत होत्या, बाजूला नळाच्या पाण्यानं भरलेली कळशी. सुना, पोरी, सगळं घर तिथं. या घराचा मान असा की त्यांच्या कानबाईला रोट दाखवल्याशिवाय गावात कुणी जेवत नसे. मॅडम म्हणाल्या, "वहिनी, हे पीठ टाकून द्या. टँकर येतोय, त्याच्या पाण्यानं मळा."

वहिनींनी मान वर केली नाही. "रोटनं पीठ टाकतस का? काय बोली ऱ्हायन्यात बाई तुमी?" आणि मग जरा हसून, सुनांना ऐकू जाईल असं, "तुमी आते दुसरा कुळन्या. तुमले ते खावानं नही, मंग इतलं भ्याव कसाले?"

सुना हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या खूप घाबरलेल्या दिसत होत्या. तोंडाला रंग नव्हता. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग कानबाईच्या चौरंगाकडे पाहिलं, हात जोडले. मग खाली वाकल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्या कणकेत घातले.

गाणं बाहेर चालूच होतं. वहिनींचे हात परातीतच होते, मॅडमच्या हातांशेजारी, आणि त्यांनी ते हळूच बाहेर काढले. दुसऱ्या कुळाचा हात लागला म्हणजे पीठ गेलं. आबांच्या नावाची मूठ त्यात होती, त्यांच्या मुलांच्या, नातवाच्या नावाच्या मुठी होत्या. एका पोरीनं रडायला सुरुवात केली.

आबा दारात आले. परातीकडे बघितलं. मॅडम तशाच वाकलेल्या होत्या, हात कणकेत.

"जाय," आबा म्हणाले. "जाय आते, कमल."

गावभर बातमी गेली की मानाच्या घरचे रोट बाटले. कानबाई कोपली. मग मात्र कुणाला पेशी आणि मोरचूद समजावून सांगावं लागलं नाही. आबांनी स्वतः जाऊन मोटर बंद केली. गावच्या बायांनी घराघरातलं भरून ठेवलेलं पाणी ओतून दिलं, कारण ते बाटलेल्या दिवसाचं पाणी होतं. मी धुळ्याला फोन करून दुपारपर्यंत टँकर आणवले. गहू परत मोजले, परत दळले. दिवेलागणीला रोट झाले. सोमवारी कानबाई ट्रॅक्टरमध्ये बसून तापीवर गेली. आम्ही दोघी तोवर गावाबाहेर जीपमध्ये बसून होतो, कारण टँकर रिकामे झाल्याशिवाय मॅडम हलायला तयार नव्हत्या. त्यांच्या नखांत कणीक वाळली होती. त्यांनी ती धुतली नाही. जवळ त्यांच्या बाटलीतलं पाणी होतं, तरी नाही.

रविवारी सकाळी नळ सुटला होता, तेवढं पाणी लोक प्यायले होतेच. पुढचे दिवस मॅडम रोज गावच्या आशाताईला फोन करत. कुणाला उलट्या? कुणाचे डोळे पिवळे? दोन-तीन पोरांना उलट्या झाल्या. सणाचं खाणं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं, आणि पोरं बरी झाली. सणाचं खाणंच असेल. मॅडमना ते कधीच कळलं नाही आणि त्यांनी ते कधीच सोडलं नाही.

मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. विष होतं, चांगलंच होतं. मॅडम ते घेऊन माहेरी गेल्या नाहीत, मला पाठवलं. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कागद काय बी बोलस. कोनले काय व्हयनं, ते सांगा."

मी धुळ्याला येऊन तसंच सांगितलं. लपवून काय करणार. मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही झालं नाही ना? मग बरं." आणि पुढचा नमुना उघडला. त्या दिवाळीला भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. त्यांनीही वाट पाहिल्याचं दाखवलं नाही. फक्त त्या तलावावर आमची फेरी दर पंधरवड्याला होऊ लागली. तलावावर जायचं, नमुना घ्यायचा, गावात न शिरता परत. मोरचुदावर मात्र आबांनी कुलूप घातलं, असं आशाताई सांगे.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. तलाव भरून सांडव्यावरून वाहिला. मॅडमच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते, त्यानंतर त्या मुलाकडे नाशिकला जाणार होत्या. कानबाईच्या सोमवारी त्या म्हणाल्या, "एक फेरी मारून येऊ." मी हसले नाही.

आम्ही पूर्वेच्या काठाला काम करत असताना वाजंत्री ऐकू आली. मानाची कानबाई पुढे, वहिनींच्या डोक्यावर. मागे सगळं गाव, आबा कडेला. आम्ही बाजूला सरकलो. वहिनी पाण्याच्या काठापर्यंत आल्या आणि थांबल्या. मागचे सगळे थांबले. वाजवणाऱ्यांना काय झालं ते कळेना, ते थोडा वेळ वाजवत राहिले आणि मग गप्प झाले.

वहिनी मॅडमकडे बघत होत्या. वर्षभर त्या बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, डोक्यावरचा चौरंग दोन्ही हातांनी धरून, पावलं पाण्यापासून वीतभर. आबा दुसरीकडे बघत होते, पण हलत तेही नव्हते.

मॅडमनी मान हलवली. हो म्हणून.

वहिनी पाण्यात उतरल्या. मागून सगळ्या बाया, पोरं. पोरांनी एकमेकांवर पाणी उडवायला सुरुवात केली. कुणी चूळ भरली. गाणं परत सुरू झालं. मॅडम एकेका पोराच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि शेवटचं माणूस बाहेर येईपर्यंत त्यांनी बघणं सोडलं नाही. मिरवणूक आल्या वाटेनं परत गेली. आम्हाला कुणी 'चला' म्हटलं नाही.

रमजानभाईंनी जीप सुरू केली. मी सामान आत ठेवून मागे वळून पाहिलं. मॅडम परत काठाला गेल्या होत्या. बाया उतरल्या तिथलं पाणी अजून ढवळलेलंच होतं. तिथं, साडीचा काठ एका हातानं वर धरून, त्या आणखी एक बाटली भरत होत्या.